तिसरं बोट

जांघेत गाठ दिसली की आधी हाड शोधायचं. गाठीकडे बघत बसायचं नाही, गाठ फसवते. बेंबीखाली मधोमध बोट ठेवायचं, दाबत खाली यायचं, हाड लागलं की जरासं बाजूला सरकायचं. तिथं हरभऱ्याएवढा उंचवटा लागतो. गाठीचं तोंड त्या उंचवट्याच्या वर, आतल्या अंगाला असेल तर तो जांघेचा हर्निया. खाली, बाहेरच्या अंगाला असेल तर मांडीचा. पहिला बराच काळ थांबू शकतो. दुसऱ्याचा गळा अरुंद असतो, आतडं कधी अडकेल सांगता येत नाही, तो थांबत नाही. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला मी हे पहिल्याच आठवड्यात सांगत आले. मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. फक्त ज्या दिवशी ते मला यायला हवं होतं त्या दिवशी आलं नाही. पुढं तांड्यातली पहिली डॉक्टर म्हणून माझे सत्कार झाले, शाली पांघरल्या, नारळ हातात दिले, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी माईकवर म्हणालं, आईचे आशीर्वाद पाठीशी होते. मी हात जोडून ऐकून घेतलं. आता सत्तरी आली. लिहून टाकते एकदाचं.

आमचा तांडा फुलसावंगीपासून पायी अर्ध्या तासावर. आजोबांच्या आधीची माणसं बैलांवर मीठ, धान्य लादून मुलूख तुडवायची. बाच्या काळात आम्ही पक्के शेतकरी झालो होतो, कापूस, तूर, थोडी ज्वारी. वडलांना आम्ही बा म्हणत असू आणि आईला याडी. घरात गोरबोली, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची बोली चाले, पण ती इथं लिहिली तर वाचणाऱ्याला अडायला होईल, म्हणून आमचं बोलणं मी वऱ्हाडीतच लिहिते. गावात आम्ही तीच बोलायचो. याडी दिसायच्या आधी ऐकू यायची. मनगटापासून दंडापर्यंत बलिया, म्हणजे पांढऱ्या रुंद बांगड्या, अंगातल्या काचळीला घुंगरं, आणि आरशांनी जडवलेला घेरदार घागरा, आमचा फेटिया, जो ती चालली की सळसळ करत तिच्या पुढं निघे. पहाटे चुलीशी बलियांचा खडखडाट सुरू झाला की ज्वारीचं पीठ मळलं जातंय हे मला गोधडीतच कळायचं. हिवाळ्यात तुरीचे सोले निघाले की ती सोल्यांची आमटी करायची, वर लसणाची फोडणी, आणि पहिली भाकर मला. शिकणारीला आधी, असा तिचा नियम होता. भाऊ कुरकुरला की म्हणे, "तू बी शीक, मंग तुले बी आधी."

फेटियाचा नाडा मात्र ती कुणासमोर सोडत नसे. ती एकटीच नाही, तांड्यातली कुठलीच बाई सोडत नसे. नाड्याला दोन वेढे, वर घट्ट गाठ, आणि ती गाठ नेसून झाल्यावर आत खोचलेली. ओढ्यावर आंघोळ करायची ती फेटिया अंगावर ठेवून, कोरडा वरून चढवून ओला खालून सोडायची. पाचही बाळंतपणं सुईणीनं फेटियाच्या आत हात घालून केली. मी तिच्या पोटची पोरगी, पण बेंबीखालची याडी मी कधी पाहिली नव्हती.

आणि अशा घरातून मी कुठं गेले, तर डॉक्टरीच्या कॉलेजात. शहराचं नाव लिहीत नाही. लिहून काय होणार, त्या काळी सगळीकडं तेच चालत असे. आमच्या तुकडीत वीस मुलं आणि आम्ही चार मुली. सर्जरीच्या वॉर्डात हर्नियाचा पेशंट आला की सर त्याच्या धोतराला हात घालायच्या आधी म्हणत, "मुलींनी जरा पडद्यापलीकडे थांबा. पेशंट लाजतो." पेशंट लाजायचा हे खरं. पण वीस पोट्ट्यांसमोरही तो बिचारा लाजतच होता, त्याला कोण विचारत होतं? आम्ही चौघी पडद्यामागं उभ्या राहून पडद्याच्या शिवणी मोजायचो. सरांचा आवाज तेवढा यायचा. "तीन बोटं ठेवा. तर्जनी वर, मधलं खाली, अनामिका मांडीच्या सुरुवातीला. आता खोका बाबा. कुठल्या बोटाला धक्का लागला?" पहिल्याला लागला तर तिरका, दुसऱ्याला तर सरळ, हे दोन्ही जांघेचे; तिसऱ्याला तर मांडीचा. मुलं ओरडत, "पहिल्या, सर!" आम्हाला बरंच वाटायचं, खोटं कशाला सांगू. नको ते बघायला लागत नाही म्हणून सुटल्यासारखं व्हायचं. माझी एक मैत्रीण तर म्हणायची, आपल्याला पुढं बायकांचंच बघायचंय, हे कशाला हवं.

मग संध्याकाळी मी सुधाकरची वही मागायची. सुधाकर आमच्या तुकडीतला हुशार मुलगा, अक्षर मोत्यासारखं. त्याच्या वहीत पहिल्या दोन बोटांवर पाच पानं होती, आकृत्या होत्या, बाण होते, सगळ्या पुरुषाच्या अंगाच्या. तिसऱ्या बोटावर दीड ओळ. "पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. परीक्षेला बाईची केस ठेवत नाहीत. सोडून देणे." मी ती दीड ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली. पुस्तकात पूर्ण पान होतं म्हणा. पण पुस्तक वाचून बोटाला काय कळतं?

त्या वर्षी हिवाळ्याच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा ओसरीवर एक पिशवी भरून ठेवलेली दिसली. दोन फेटिया, एक चादर, भाकरी बांधायचं फडकं. बा म्हणाला, "तुह्या याडीले गाठ आली जांघीत. तुह्याच दवाखान्यात नेऊन राह्यलो परवा. बाईडॉक्टर हाये म्हणे तिथं." आधी त्यानं तिला उमरखेडच्या एका डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं. त्या डॉक्टरनं टेबलापलीकडूनच विचारलं, पायात काटा गेला होता का? कापूस वेचणाऱ्या बाईच्या पायात काटा जाणार नाही तर काय मोती जाणार? गेला होता म्हणताच तो म्हणाला, अवधान आहे, पायाच्या जखमेनं जांघेत गाठ येते, गोळ्या घ्या. उतरली नाही तर मोठ्या दवाखान्यात बाईडॉक्टरला दाखवा. त्यानं फेटियाला बोटही लावलं नाही. त्याला मी आज नावं ठेवत नाही. निदान पुढं दाखवा म्हणाला तो. आणि गोळ्यांनी ती उतरली नाही, म्हणून पिशवी भरली होती.

बाला काय वाटलं कोण जाणे, मला म्हणाला, "पण आता तूच आली तं पायून घे ना. डॉक्टरीण घरात असून गाडी कायले करा?" अंगणात शेजारच्या दोघी-तिघी बसल्या होत्या, त्याही हसून म्हणाल्या, हो ना बाई, पोट्टी शिकली कायले मग. याडी उठली, आत गेली, आणि दारातून मला मानेनंच बोलावलं.

दुपार होती. दार लावलं तरी कवेलूंच्या फटीतून उजेड पडत होता. याडी कणगीला पाठ लावून उभी राहिली, तोंड भिंतीकडं वळवलं आणि नाड्याची गाठ सोडायला लागली. ती गाठ तिच्याच हातांना सुटेना. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाली, "थांब, मीच सोडतो." सुटल्यावर तिनं फेटिया चार बोटं खाली घेतला आणि तिथंच मुठीत घट्ट धरून ठेवला.

"पायून घे लवकर," ती म्हणाली.

"कवापासून हाये?"

"मागच्या वेचणीपासून. पयले आडवी पडली की जाये आत."

"आन् आता?"

"आता नाई जात. बसली तिथंच. कधीमधी कळ येते."

आत जायची ती आता जात नाही, मधून कळ येते. एवढ्या दोन वाक्यांवर आज मी ॲम्ब्युलन्स बोलावीन. तेव्हा ती वाक्यं माझ्या कानावरून गेली. लिंबाएवढी गाठ जांघेच्या घडीवर येऊन बसलेली दिसत होती. मांडीतला हर्निया मोठा झाला की असाच वर वळतो, फुगा वर आणि गळा खाली. म्हणून तर फुगा बघायचा नाही, हाडापाशी जाऊन गळा शोधायचा. हाड तिच्या मुठीखाली होतं. आणखी दोन बोटं खाली. "अजून खाली सोड" एवढेच तीन शब्द बोलायचे होते. मला बोलवेनात. माझीच मान खाली गेली होती, नजर कणगीच्या बुडाशी. मी तीन बोटं त्या गाठीवर ठेवली, तिला खोकायला सांगितलं. ती खोकली. धक्का नीटसा कुठंच लागला नाही. मी मनानंच तो पहिल्या बोटाला लावून टाकला.

लाजेनं चूक झाली असं म्हणून सुटता आलं असतं, पण ते अर्धंच खरं आहे. त्या दाराआड माझ्या डोळ्यांसमोर आमचा वॉर्ड उभा राहिला होता. पलंग, पलंगाभोवती आमची वीस मुलं, सुधाकर वही घेऊन पुढं, सरांचा हात नाड्यावर, आणि पलंगावर माझी आई. उद्या मेसमध्ये कोण काय बोलेल, हेही डोक्यात येऊन गेलं. तिला तिथं न्यायला लागू नये असं मला वाटत होतं. म्हणून गाठ साधी असायला हवी होती, आणि मी ती साधी ठरवली. स्वतःची अब्रू वाचवली मी, सरळ सांगायचं तर.

बाहेर आले तर सगळे तोंडाकडं बघत होते. बा म्हणाला, "काय हाये मग, डॉक्टरीणबाई?" मी पुस्तकी आवाजात सांगितलं की अवधान-बिवधान काही नाही, हर्निया आहे, साधा आहे, घाई नाही, वेचणी आटोपली की बघू ऑपरेशनचं. बाचा चेहरा असा उजळला! "पाय, त्या उमरखेडच्याले कळलं नाई, माह्या पोरीनं हात लावल्याबरोबर सांगतलं." शेजारणींनी कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढली. याडी आतून आली, पिशवीतली चादर काढून वळणीवर टाकली, फेटिया पेटीत ठेवले. त्या दिवशी सोल्यांची आमटी होती. मी तीन भाकरी खाल्ल्या, आणि ती मला वाढताना उजवा पाय जरा ओढत होती, ते मी पाहिलं.

परत गेल्यावर बारा दिवसांनी, दुपारच्या वॉर्डाच्या वेळी एक मुलगी पळत आली. "अगं, तुझ्या गावाकडची बाई आलीय, तुझं नाव घेतेय." तीन दिवस उलट्या चालू होत्या. गावात एकानं सलाईन लावून ठेवलं होतं. पोट फुगून घट्ट झालेलं, ओठ सुकलेले, डोळे आत. रक्तदाब घ्यायला दंड मोकळा नव्हता म्हणून एकानं प्लास्टर कापायची कात्री आणून तिच्या बलिया कापायला घेतल्या, आणि लग्नापासून तिच्या अंगावर असलेल्या त्या बांगड्या टकटक फरशीवर पडल्या. बा खाली वाकून एकेक तुकडा गोळा करून धोतराच्या सोग्यात टाकत होता. मी "याडी" म्हणून हाक मारली. तिनं माझ्या अंगावरचा पांढरा कोट पाहिला आणि म्हणाली, "चांगला दिसते तुले."

सर आले, मागोमाग तुकडी. मी म्हटलं, "सर, माझी आई आहे." ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं, तू इथंच थांब, त्यांना धीर येईल." मग आम्हा चौघींकडं वळून म्हणाले, "मुलींनो, आज तुम्ही पुढं या. बाई पेशंट आहे." माणूस वाईट नव्हता. हात हलका होता त्यांचा. नाडा कात्रीनं कापला, हाडावर बोट ठेवलं, तिथून गाठीचा गळा शोधला आणि वीस जणांना दाखवला: "बघा, फुगा वर आहे, पण तोंड कुठं? हाडाच्या खाली, बाहेर. मांडीचा हर्निया, अडकलेला. वरवर बघणारा इथं हमखास फसतो." त्यांना अर्धं मिनिट लागलं असेल. याडीनं डोळे मिटले नव्हते. ती वर पंख्याकडं बघत होती, आणि मुलं वहीत लिहून घेत होती.

मग सरांनी विचारलं, "बाई, इतके महिने गाठ होती, आधी कुणाला दाखवलं नाही का?"

बा पुढं झाला. "दाखवलं होतं ना साहेब, आमच्या पो..."

याडीनं त्याचं मनगट धरलं. अंगात त्राण नव्हतं तिच्या, तरी असं धरलं की तो थांबला. सरांकडं बघून ती म्हणाली, "नाई साहेब. शरम वाटे. कोणालेच नाई दाखवलं म्या."

सरांनी मान हलवली. हाऊसमननं केसपेपरवर लिहिलं: रुग्णानं लाजेपोटी आजार लपवला. मी पलंगाशी उभी होते. कागद माझ्यापासून हातभर लांब होता. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. बानं माझ्याकडं पाहिलं, तो थांबला होता माझ्यासाठी, मला तेही कळलं. मी पाण्याचा कापूस घेऊन याडीचे ओठ ओले करायला लागले.

पोट उघडलं तेव्हा वीतभर आतडं काळं पडलं होतं. कापून जोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तांड्यात कोणी मला एका शब्दानं बोललं नाही. उलट बायका माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या, घरी होती तवर बरी होती, मोठ्या दवाखान्यात चिरफाड केली म्हणून गेली, तू तं बरोबरच सांगतलं होतं बाई, घाई करू नका म्हून. हे ऐकून जीव जायला हवा होता, पण माणूस असा सहज मरत नाही. बा त्यानंतर वीस वर्षं जगला. मला कधी उणा शब्द बोलला नाही. फक्त पुन्हा कधी डॉक्टरीण म्हणाला नाही, आणि साधा खोकला झाला तरी बस पकडून उमरखेडला जायचा, मी घरात बसलेली असताना.

नोकरीत मी प्रत्येक बाईच्या जांघेतलं हाड शोधलं. काही बायांनी तक्रारी केल्या, डॉक्टरीणबाई फार उघडं करते म्हणून. केल्या तर केल्या. आता लोहाऱ्याला राहते. परवा शेजारची सून म्हणाली, गाठीसाठी गेले तर डॉक्टरांनी साडीवरूनच विचारलं आणि सोनोग्राफीची चिठ्ठी दिली, मशीन पुढच्या बुधवारी. मी तिला तिथंच दिवाणावर आडवं केलं. ती लाजली, मी म्हटलं, लाज नंतर. तिचं अवधानच होतं, तळपायात काच निघाली. ती हसत घरी गेली. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते याडी गेली त्याच्या पुढच्या महिन्यातलं. तेराव्याचं सगळं आटोपून मी वर्गात परत आले. सरांचं हर्नियावर व्याख्यान होतं. फळ्यावर त्यांनी तिन्ही प्रकार काढले, तिसराही नीट काढला, आणि खडू खाली ठेवून म्हणाले, "निदान चुकतं ते नेहमी डॉक्टरचंच चुकतं असं नाही. आपल्यातच उदाहरण आहे, नाव घेत नाही. स्वतःची मुलगी डॉक्टर होतेय, आणि त्या माउलीनं तिलासुद्धा सांगितलं नाही. या बायका लपवतात. लपवतात आणि मरतात. हे लक्षात ठेवा." सगळा वर्ग माझ्याकडं वळून बघायला लागला, इतक्या मायेनं कधी कोणी पाहिलं नव्हतं माझ्याकडं. मैत्रिणीनं बाकाखालून माझा हात दाबला. मी मान हलवली. होय म्हणून मान हलवली. आणि वही उघडून ते वाक्य लिहून घेतलं. सर पुढं कित्येक वर्षं प्रत्येक तुकडीला माझ्या याडीची गोष्ट सांगत राहिले. मी कधी त्यांना अडवलं नाही.

सर आता नाहीत. बा नाही. त्या पलंगाभोवतीचे निम्मे नाहीत. उरलेल्यांपैकी कोणाच्या हाती हे पडलं तर त्यांनी आपल्या वहीतली ती ओळ खोडावी. तिनं लपवलं नव्हतं. दार लावून, भिंतीकडं तोंड करून, स्वतःच्या हातानं नाडा सोडून तिनं दाखवलं होतं. मला.